वचनांचा जमाखर्च : ‘द पॉवर ऑफ प्रॉमिस’ या ग्रंथाचें परीक्षण

अणुशक्तीविषयीं आपल्याकडे जें कांहीं लिहिलें जातें त्याचे ढोबळ मानानें दोन वर्ग करतां येतात. एका वर्गांतील लेखकांच्या मतें अणुभट्टी ही कामधेनु असून तिच्या कृपेनें दरिद्री राष्ट्रांचें दारिद्र्य एका पिढींत नाहींसें होणार आहे. दुसऱ्या वर्गांतील लेखकांस तीच भट्टी भस्मासुराप्रमाणें दिसते. तिला वर देणाराच तिच्या हातून भस्म व्हावयाचा, अशी त्यांची खात्री असते. दोन्ही वर्गांत विद्वान् माणसें आहेत. परंतु दोहोंचें लिखाण बहुधा वकिली थाटाचें असतें. आपल्या पक्षास अनुकूल तेवढा पुरावा पुढें मांडावयाचा व प्रतिकूल असेल तो पाठीमागें ठेवावयाचा, हा वकिलाचा धर्म होय, परीक्षकाचा नव्हे. ज्या शेतकऱ्यास पिकाला पाणी देण्यासाठीं रात्रीं-अपरात्रीं येणाऱ्या विजेची वाट पाहत जागावें लागतें, आणि ज्या कोळ्याच्या बंदराशेजारीं अणुकेंद्र उभारण्याचें घाटत आहे, त्या दोघांसहि या लिखाणापासून फारसा लाभ होत नाहीं. पहिल्यास ती वीज केव्हां व कोणत्या दरानें मिळेल हें कळत नाहीं. दुसऱ्यास आपल्यावर येणारी जोखीम नेमकी केवढी हें कळत नाहीं.

अशा स्थितींत डॉ. एम्. व्ही. रमणा यांचा ‘द पॉवर ऑफ प्रॉमिस’ हा इंग्रजी ग्रंथ आमच्या वाचकांपुढें आणावा असें आम्हांस वाटतें. ग्रंथ २०१२ सालीं प्रसिद्ध झाला, म्हणजे तो नवा नाहीं. मग त्याचें परीक्षण आज कां, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचें उत्तर असें, कीं ग्रंथांत ज्या वृत्तीची चिकित्सा केली आहे ती वृत्ति आज पुन्हां उचल खात आहे. २०२५ च्या फेब्रुवारींत केंद्र सरकारच्या अर्थसंकल्पांत २०४७ सालापर्यंत एक लक्ष मेगावॉट अणुवीज-सामर्थ्य उभें करण्याचें ध्येय जाहीर झालें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत संसदेनें ‘शांति’ या नांवाचा नवा कायदा संमत करून १९६२ चा अणुऊर्जेचा कायदा व २०१० चा दायित्वाचा कायदा हे दोन्ही मोडींत काढले आणि खासगी भांडवलास या क्षेत्राचें दार उघडून दिलें. २०२५ अखेर देशाचें अणुवीज-सामर्थ्य सुमारें ८,८०० मेगावॉट होतें, व एकंदर विजेंत अणुविजेचा वांटा सुमारें तीन टक्के. तेथून बावीस वर्षांत लाखावर जावयाचें, हें वचन मोठें आहे. मोठीं वचनें पूर्वींहि दिलीं गेलीं होतीं. त्यांचें पुढें काय झालें हें सांगणारा ग्रंथ अशा वेळीं जुना ठरत नाहीं.

ग्रंथकार स्वतः भौतिकशास्त्रज्ञ आहेत. अणूचें विभाजन म्हणजे कांहीं तरी अमंगळ कृत्य आहे असा भाव त्यांच्या लिखाणांत कोठेंहि नाहीं, आणि ही गोष्ट आम्हांस विशेष समाधानाची वाटते. त्यांची पद्धति सावकाराच्या कारकुनासारखी आहे. कोणत्या सालीं, कोणी, किती देण्याचें कबूल केलें व मुदतीच्या दिवशीं किती हातीं आलें, हें ते सरकारी कागदपत्रांवरूनच मांडतात. त्यांतील मुख्य आंकडे सर्वांनीं लक्षांत ठेवण्याजोगे आहेत. १९५४ सालीं डॉ. होमी भाभा यांनीं १९८० पर्यंत ८,००० मेगावॉट अणुवीज-सामर्थ्याची ग्वाही दिली. १९६२ सालीं तिचें रूप पालटलें व १९८७ पर्यंत वीस ते पंचवीस हजार मेगावॉट, असें भाकित झालें. १९६९ सालीं अणुशक्ति-आयोगानें २००० सालासाठीं ४३,५०० हा आंकडा सांगितला. प्रत्यक्षांत १९८० च्या सुमारास सामर्थ्य होतें अवघें ६०० मेगावॉट, १९८७ सालीं सुमारें ९५० आणि २००० सालीं २,७२०. मध्यंतरीं १९८४ सालीं नवी योजना निघाली. तिनें अपेक्षा बरीच खालीं आणून २००० सालीं १०,००० मेगावॉट एवढेंच मागितलें. परंतु त्याचाहि जेमतेम चौथा हिस्सा पदरांत पडला.

येथें कोणी म्हणेल, कीं वचन चुकणें हा कांहीं अणुखात्याचाच एकट्याचा दोष नव्हे; आपल्याकडे धरणेंहि वेळेवर पुरीं होत नाहींत व रस्तेहि होत नाहींत. हा आक्षेप खरा आहे, आणि ग्रंथाचें नांव सार्थ कसें तें याच ठिकाणीं कळतें. इंग्रजींत ‘पॉवर’ या शब्दाचे वीज व सत्ता असे दोन्ही अर्थ होतात. धरण रखडलें तर पाटबंधारे-खात्याची अब्रू जाते व पुढच्या वर्षीं त्याचा पैसा कापला जातो. अणुखात्याचें तसें झालें नाहीं. येथें विजेचें वचन जसजसें लांबलें तसतसें पुढचें वचन अधिक मोठें होत गेलें, आणि त्या वचनाच्या बळावर खात्याची प्रतिष्ठा, त्याचा पैसा व त्याचें स्वातंत्र्य हीं अबाधित राहिलीं. खात्याची सत्ता त्यानें निर्माण केलेल्या विजेवर उभी नसून तें पुढें जी वीज निर्माण करणार आहे तिच्यावर, आणि त्याबरोबरच बाँबच्या सामर्थ्यावर उभी आहे, असा ग्रंथकारांचा सिद्धान्त आहे. तो त्यांनीं पुराव्यानें सिद्ध केला आहे असें आमचें मत झालें.

हें शक्य कसें झालें, याचें कारण पाहूं गेल्यास प्रजासत्ताकाच्या जन्मापूर्वींच्या काळांत जावें लागतें. १९४८ च्या एप्रिलांत घटनासमितींत अणुशक्तीचें विधेयक चर्चेस आलें. तेव्हां एस्. व्ही. कृष्णमूर्ति राव या सभासदांनीं एक मार्मिक शंका काढली होती. इंग्लंडच्या कायद्यांत गुप्ततेचें बंधन संरक्षणविषयक संशोधनापुरतेंच आहे. मग आपल्या कायद्यांत शांततेच्या कार्यावरहि तेंच पांघरूण कां, असें त्यांनीं विचारलें. या दोहोंमध्यें भेद कसा करावा हें आपणांस सांगतां येत नाहीं, अशा आशयाचें उत्तर पंडित नेहरूंनीं दिलें. उत्तर प्रामाणिक होतें यांत शंका नाहीं. परंतु त्या एका उत्तरानें पुढच्या कित्येक पिढ्यांचा हिशेब झांकला गेला. ज्या लोकांच्या पैशानें भट्ट्या बांधावयाच्या त्यांनींच त्यांचा जमाखर्च विचारूं नये, अशी प्रथा पडली. दरिद्री राष्ट्रांत अणुशक्तीचा पहिला धोका किरणांचा नसून या प्रथेचा आहे, असें ग्रंथ वाचून आम्हांस वाटूं लागलें आहे.

आतां खर्चाकडे वळूं. ग्रंथांतील हा भाग सामान्य वाचकास रुक्ष वाटण्याचा संभव आहे. तथापि विकसनशील देशांच्या दृष्टीनें तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. कोळशाच्या केंद्रास बांधणीचा खर्च तुलनेनें कमी, परंतु जन्मभर कोळसा विकत घ्यावा लागतो. अणुकेंद्राचें याच्या उलट आहे. त्याचें इंधन स्वस्त; पण पहिलें युनिट निर्माण होण्यापूर्वींच त्याच्या आयुष्याचा बहुतेक खर्च होऊन चुकलेला असतो. अशा वेळीं सारा प्रश्न व्याजाचा होतो. ज्याच्या घरीं पैसा मुबलक आहे त्यास आजचा रुपया व दहा वर्षांनंतरचा रुपया यांत मोठें अंतर वाटत नाहीं. ज्यास तो कर्जाऊ काढावा लागतो त्यास त्या दहा वर्षांचें व्याज डोळ्यांपुढें दिसतें. ग्रंथकारांनीं कर्नाटकांतील कैगा येथील अणुकेंद्र व त्याच प्रांतांतील रायचूर येथील कोळशाचें केंद्र यांची तुलना करून दाखविलें आहे, कीं भांडवलावरील व्याज अगदीं अल्प धरलें तरच अणुवीज कोळशाच्या विजेशीं स्पर्धा करते. भांडवलाची टंचाई असलेल्या देशास शोभेल असा दर धरला, कीं ती महाग पडते. श्रीमंत राष्ट्रास जें परवडतें तें गरीब राष्ट्रास कां परवडत नाहीं, याचें याहून सोपें स्पष्टीकरण आम्हीं वाचलेलें नाहीं.

या विवेचनास जगांतील इतर उदाहरणांची जोड दिली असतां तें अधिकच पटतें. फिलिपाइन्समध्यें मार्कोसच्या राजवटींत १९७६ सालीं बातान येथें ६२१ मेगावॉटच्या केंद्राचें बांधकाम सुरू झालें. तें दोन अब्ज डॉलरांहून अधिक गिळून उभें राहिलें. इतक्यांत १९८६ सालीं मार्कोस पदच्युत झाला, चेर्नोबिलचा अपघात झाला आणि केंद्राला कुलूप लागलें. त्यानें आजवर विजेचें एकहि युनिट दिलेलें नाहीं. मात्र त्याचें कर्ज ते लोक २००७ सालापर्यंत फेडीत होते. आमच्या शेजारीं बांगलादेशांत रूपपूर येथें २,४०० मेगावॉटच्या केंद्राचें बांधकाम २०१७ सालीं सुरू झालें. त्याच्या साडेबारा अब्ज डॉलरांहून अधिक खर्चापैकीं नव्वद टक्के रशियाचें कर्ज आहे. कर्ज वाईटच असें नव्हे. परंतु एकाच कारखान्यासाठीं एवढें ऋण काढणाऱ्या राष्ट्रास विलंब करण्याचीहि चैन परवडत नाहीं. आणि विलंब तर या धंद्याच्या पांचवीलाच पुजलेला आहे. फ्रान्ससारख्या मुरलेल्या राष्ट्रांत फ्लामांव्हील येथील भट्टी २००७ सालीं सुरू करून २०१२ सालीं, ३.३ अब्ज युरोंत पुरी करावयाची होती. ती विजेच्या जाळ्यास जोडली गेली २०२४ च्या डिसेंबरांत, आणि खर्च तेरा अब्जांच्या पुढें गेला. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यांत जैतापूर येथें ज्या सहा भट्ट्या उभारण्याचें योजिलें आहे त्या याच जातीच्या आहेत.

येथवर आम्हीं ग्रंथकारांच्या मागोमाग आलों. आतां जेथें त्यांचा व आमचा मतभेद आहे तें सांगणें प्राप्त आहे.

पहिला मतभेद तर्काविषयीं आहे. वचन देणारा खोटा ठरला, एवढ्यानें वचन दिलेली वस्तु निरुपयोगी ठरत नाहीं. लग्न जमविणाऱ्या मध्यस्थानें थापा मारल्या म्हणून मुलगी वाईट असें कोणी म्हणत नाहीं. हा भेद ग्रंथकार जाणत नाहींत असें नव्हे. पण लिहिण्याच्या ओघांत तो त्यांच्या हातून कित्येक वेळां सुटतो. दक्षिण कोरियाचें उदाहरण या ठिकाणीं विचारांत घ्यावयास हवें होतें, तितकें तें घेतलेलें नाहीं. तो देश गरीब असतांनाच त्यानें हा मार्ग धरला; त्याची पहिली भट्टी कोरी येथें १९७८ सालीं चालू झाली, आणि आज तेथील विजेचा सुमारें तिसरा हिस्सा अणूपासून मिळतो. एकाच नमुन्याच्या भट्ट्या एकामागून एक बांधीत गेल्यामुळें त्यांचे कारागीर तयार झाले व खर्च आटोक्यांत राहिला. तेव्हां दारिद्र्य व अणुशक्ति यांचें स्वभावतःच वैर आहे, असा सिद्धान्त काढतां येत नाहीं. मात्र त्याच कोरियांत २०१२-१३ सालीं भट्ट्यांच्या सुट्या भागांचे दाखले बनावट असल्याचें उघडकीस आलें, भट्ट्या बंद ठेवाव्या लागल्या व अधिकारी तुरुंगांत गेले. लबाडी तेथेंहि झाली. परंतु ती चव्हाट्यावर आली व तिला शासन झालें, हें विसरतां कामा नये.

आपल्या देशांतहि केवळ अपयशच आहे असें नाहीं. तारापूरचे पहिले दोन संच १९६९ पासून चालू झाले व त्यांनीं दशकानुदशकें देशांतील अत्यंत स्वस्त विजेंत मोडणारी वीज पश्चिम भारतास पुरविली. १९७४ सालच्या पोखरणच्या स्फोटानंतर अमेरिकेनें इंधनाचा हात आखडता घेतला, पुढें फ्रान्स, रशिया, चीन यांच्या दारीं जावें लागलें. तरीहि आमच्या शास्त्रज्ञांनीं व कामगारांनीं तें केंद्र बंद पडूं दिलें नाहीं. ज्या कैगा येथें १९९४ सालीं बांधकाम चालू असतांना भट्टीच्या घुमटाचा आंतील भाग कोसळला, त्याच कैगा येथील पहिला संच २०१८ च्या अखेरीस ९६२ दिवस अखंड चालून त्या वेळचा जागतिक विक्रम करता झाला. अर्थात् ही गोष्ट ग्रंथ प्रसिद्ध झाल्यानंतरची आहे. पण घुमट कोसळणारे हात व विक्रम करणारे हात एकाच राष्ट्राचे आहेत, ही जाणीव या विषयावर लिहिणाऱ्यानें सतत जागी ठेवली पाहिजे.

दुसरा मतभेद याहून मोठा आहे. ग्रंथकारांनीं अणुविजेच्या खात्याची एक-एक नोंद तपासली. परंतु तिच्या जागीं प्रत्यक्षांत जी वीज येते, म्हणजे कोळशाची, तिच्या खात्याची तपासणी त्यांनीं तितक्या कठोरपणें केलेली नाहीं. पैशाची तुलना त्यांनीं केली. प्राणांची तुलना त्याच तपशिलानें केली असती तर ग्रंथ अधिक न्याय्य झाला असता. कोळशाचा अपघात वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येत नाहीं, कारण तो रोज होतो. खाणींत माणसें मरतात, धुरानें फुप्फुसें जातात, राखेच्या तळ्यांनीं शेतें व ओढे नासतात. २००७ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत युरोपांतील परिस्थितीवरून एक अंदाज प्रसिद्ध झाला. त्याप्रमाणें कोळशापासून केलेल्या दर अब्ज युनिटांमागें सुमारें २४ मृत्यु पडतात, आणि अणुविजेमागें एकाच्या दशांशाहूनहि कमी. युरोपांत जर हें प्रमाण, तर आमच्याकडे कोळशाचें खातें याहून उजळ असेल असें मानण्यास आधार नाहीं. हवेंत सांचणाऱ्या कर्बवायूचा, आणि त्यामुळें बिघडणाऱ्या पर्जन्यमानाचा हिशेब यांत धरलेलाहि नाहीं; आणि त्या बिघाडाचा पहिला तडाखा पावसावर जगणाऱ्या गरीब देशांनाच बसावयाचा आहे. अणुभट्टी नको म्हणणाऱ्यानें तिच्या जागीं काय हवें तें सांगितलें पाहिजे, आणि जें सांगेल त्याची जोखीमहि त्याच तराजूंत घातली पाहिजे.

ग्रंथ लिहिला गेल्यानंतर या तराजूंत एक तिसरी वस्तु येऊन पडली आहे, ती सूर्यापासून केलेली वीज. २०१० च्या सुमारास तिचा दर युनिटास दहा-बारा रुपये होता. २०१७ सालीं राजस्थानांत भडला येथें तो २ रुपये ४४ पैशांवर उतरला, आणि २०२५ च्या जानेवारी-अखेर देशाचें सौर सामर्थ्य एक लक्ष मेगावॉट झालें. जो आंकडा अणूस २०४७ सालीं गाठावयाचा आहे तो सूर्यानें आधींच गाठला. अर्थात् दोन्ही मेगावॉट सारखे नव्हेत. सूर्य रात्रीं मावळतो व पावसाळ्यांत झांकतो, भट्टी मात्र रात्रंदिवस चालते. परंतु एवढें खरें, कीं अणूची स्पर्धा आतां एकट्या कोळशाशीं राहिलेली नाहीं. या एका बाबतींत काळानें ग्रंथकारांच्या निष्कर्षास त्यांच्या स्वतःच्या युक्तिवादापेक्षांहि अधिक बळ दिलें आहे.

सुरक्षिततेविषयींचें प्रकरण आम्हांस ग्रंथांतील सर्वांत विचारप्रवर्तक वाटलें, तें त्यांतील नरोरा येथील घटनेमुळें. १९९३ च्या मार्चच्या ३१ तारखेस, पहाटेच्या अंधारांत, उत्तर प्रदेशांतील गंगातीरच्या या केंद्रांत टर्बाइनचीं दोन पातीं तुटलीं. त्या धक्क्यानें जनित्रांतील हायड्रोजन वायु बाहेर पडून पेटला, विजेच्या तारा जळाल्या आणि सारें केंद्र सुमारें सतरा तास विजेवांचून राहिलें. भट्टी बंद केली तरी तिच्या गाभ्यांतील उष्णता एकदम थांबत नसते. ती वाहून नेण्यास पाणी सतत खेळतें ठेवावें लागतें. तेथील लोकांनीं आग विझविण्याचे डिझेलचे पंप लावून पाणी चालू ठेवलें. कांहीं जण हातांत विजेऱ्या घेऊन काळोखांत भट्टीच्या इमारतींत वर चढले आणि बोरॉन मिसळलेलें पाणी त्यांनीं आपल्या हातांनीं आंत सोडलें, जेणेंकरून विभाजनाची क्रिया पुन्हां सुरू होऊं नये. किरणोत्सर्ग बाहेर पडला नाहीं.

कामधेनुवादी या घटनेकडे बोट दाखवून म्हणतो, पाहा, अनर्थ टळला. भस्मासुरवादी म्हणतो, पाहा, अनर्थ थोडक्यांत टळला. ग्रंथकारांचा प्रश्न निराळा आहे : गुंतागुंतीच्या यंत्रांत असे प्रसंग येणारच, मग ते येण्यापूर्वीं चुका सांगणाऱ्याचें तोंड उघडें होतें कीं नव्हतें? अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ सालीं स्थापन झालें. पण तें ज्या आयोगास उत्तरदायी, त्याच आयोगाच्या हाताखालच्या खात्यावर त्यानें देखरेख ठेवावयाची, अशी ही रचना. सुनेच्या स्वयंपाकाचा दोष सुनेच्याच माहेरच्या माणसानें काढावयाचा, असा हा प्रकार होय. या मंडळाच्या अध्यक्षपदावरून १९९६ सालीं पायउतार झालेल्या डॉ. ए. गोपालकृष्णन् यांनीं पुढें या रचनेवर उघड टीका केली. आणि ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच २०१२ सालीं देशाच्या महालेखापालांनींहि मंडळाच्या परावलंबी स्थितीवर बोट ठेवलें. २०२५ च्या कायद्यानें मंडळास वैधानिक दर्जा दिला, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु त्याच कायद्यानें दुसऱ्या हातानें कांहीं काढूनहि घेतलें. पुरवठादाराचा माल सदोष निघून अपघात झाल्यास त्याच्याकडून भरपाई वसूल करण्याचा जो हक्क २०१० च्या कायद्यानें केंद्रचालकास दिला होता, तो नव्या कायद्यांत उरलेला नाहीं; करारांत तसें कलम असेल किंवा कोणी बुद्धिपुरस्सर घात केला असेल तरच तो चालावयाचा. भोपाळ पाहिलेल्या देशानें हें कलम इतक्या सहजपणें कां सोडावें, याचें समाधानकारक उत्तर आम्हांस मिळालेलें नाहीं.

शेवटीं ज्यांच्या दारांत या भट्ट्या उभ्या राहतात त्यांचा विचार. महाराष्ट्रास हा विषय परका नाहीं. तारापूरच्या तिसऱ्या व चौथ्या संचांसाठीं अक्करपट्टी व पोफरण हीं दोन गांवें आपल्या जागेवरून उठलीं. जैतापूरच्या योजनेसाठीं माडबन व आसपासच्या गांवांची जमीन घेतली गेली. साखरी नाटे येथील कोळ्यांनीं, समुद्रांत गरम पाणी सोडल्यास मासळीचें काय, असा प्रश्न केला. २०११ च्या मार्चांत जपानांत फुकुशिमा येथें अपघात होऊन दीड लाखांवर माणसांस घरें सोडावीं लागलीं. ती बातमी ताजी असतांनाच १८ एप्रिल रोजीं नाटे येथें आंदोलकांवर पोलिसांनीं गोळीबार केला व त्यांत एक जण मरण पावला. भट्टीची एकहि वीट रचली जाण्यापूर्वींच तेथें एक प्राण गेला. हा प्राण किरणोत्सर्गानें घेतला नाहीं. प्रश्न विचारणारा व उत्तर देणारा यांच्यामध्यें जें अंतर पडलें होतें त्यानें घेतला.

अशा रीतीनें सर्व अंगांनीं पाहतां आमचा अभिप्राय असा होतो. अणुवीज दरिद्री राष्ट्रास वर्ज्य आहे असें या ग्रंथावरून सिद्ध होत नाहीं. कोळशाच्या धुरांत राहणाऱ्या राष्ट्रानें तिचा विचारच करूं नये असें म्हणणें शहाणपणाचें नव्हे. परंतु तिचा लाभ ज्यांस व्हावयाचा ते एक, तिची जोखीम ज्यांनीं सोसावयाची ते दुसरे, आणि हिशेब ठेवणारे तिसरेच, अशी स्थिति जोंवर आहे तोंवर तिचा कोणताहि जमाखर्च विश्वासार्ह मानतां येणार नाहीं, हें मात्र या ग्रंथानें निर्विवादपणें दाखविलें आहे. एक लक्ष मेगावॉटचें नवें वचन मानावयाचें असेल तर जुन्या वचनांच्या चोपड्या आधीं लोकांपुढें उघडाव्या. किती खर्च झाला, किती काळ लागला, अपघात कोठें व कसे झाले, उठलेल्या गांवांस काय मिळालें, हें सारें मराठींत, तमिळांत, तेलुगूंत, त्या त्या गांवांतील माणसास वाचतां येईल अशा भाषेंत छापून निघालें पाहिजे. खासगी भांडवल या क्षेत्रांत येत असतां तर ही गरज दुप्पट झाली आहे. कारण सरकारी गुप्ततेच्या जोडीस आतां व्यापारी गुप्तता येईल.

ग्रंथाची भाषा सुबोध आहे, क्वचित् आंकड्यांच्या दाटीनें ती मंदावते. विरोधी पक्षाचें म्हणणें ग्रंथकार टाळीत नाहींत, पण त्यास पुरेसा वेळहि देत नाहींत. या दोषांसहि हा ग्रंथ संग्रहीं असावा असाच आहे. अणुविज्ञानाची ओळख करून देणारीं पुस्तकें मराठींत आहेत; अणुविजेचा असा सांगोपांग जमाखर्च मांडणारें पुस्तक मात्र आमच्या पाहण्यांत आलेलें नाहीं, आणि देशांतलें पहिलें अणुवीज-केंद्र ज्या भाषेच्या किनाऱ्यावर उभें आहे त्या भाषेस ही उणीव शोभत नाहीं. कोणा अभ्यासकानें या ग्रंथाचें भाषांतर हातीं घ्यावें. त्यास कोळशाच्या हिशेबाचें एक, सौर विजेचें एक आणि २०२५ च्या कायद्याचें एक, अशीं तीन प्रकरणें आपल्या पदरचीं जोडावीं, व पहिली प्रत साखरी नाटे येथील वाचनेच्छूंच्या हातीं पडेल अशी तजवीज करावी, एवढी विनंति करून हें परीक्षण पुरें करतों.